कोरी बाटली

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते आणि मी आईच्या फडताळात लवंगा शोधत होते. बाबांचा खोकला रात्रभर थांबला नव्हता, काढा करायचा होता. आई पडवीत होती, वेचून आलेला कापूस ढिगावर रिचवत. तिनं तिथूनच आवाज दिला, "त्या पांढऱ्या डबीत पाह्य." हळदीच्या बरणीमागं डबी सापडली. बोटभर उंचीची, प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची. बाजूला कागदाचा तुकडा चिकटवलेला, तेलाच्या बोटांनी पिवळा पडलेला. त्यावर निळ्या शाईत आईचं नाव, वय ५४, आणि एक तारीख. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. झाकण उघडलं, लवंगांचा दरवळ आला, आणि पोटात गोळा आला. ही लघवी तपासायची बाटली होती.

"आई, ही बाटली कुठली?"

"थे लॅबमधली. कोरीच आहे वं, म्या वापरली नाई. चांगली घट्ट झाकणाची आहे, फेकाव कायले?"

मी काढा केला. बाबांना दिला. दिवसभर काही बोलले नाही. रात्री बैठकीत अंथरूण टाकलं, तर डोक्याशी कापसाचा ढीग, त्याचा तो कोरडा, धुळीचा, थोडा सरकीचा वास. झोप येईना. चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या डॉक्टरांनी आईची लघवी तपासायला सांगितली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. मी दर रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न तोच असतो, "शुगर किती?" ती सांगते, "उपाशी १३२, जेवल्यावर १७८." मग माझं समाधान होतं. आमच्या गावात आता सगळेच असं बोलतात. पारावर पूर्वी "एकरी किती झाला?" असं कापसाचं विचारायचे, तसंच आता "तुह्यी किती?" असं शुगरचं विचारतात. आशाताई घरोघर फिरून तिशीच्या वरच्या माणसांची माहिती भरून नेते, उपकेंद्रात बोटाला सुई टोचतात, हाताला पट्टा गुंडाळून बीपी घेतात. हे वीस वर्षांपूर्वी नव्हतं, आणि त्यानं कितीतरी माणसं सापडली. आईची शुगरही अशाच एका शिबिरात सापडली. पण आकडा हाती आला की बाकीचं शरीर त्या आकड्याच्या मागं लपून जातं. रक्तातल्या साखरेबद्दल चारचौघांत मोकळं बोलणारं आमचं गाव लघवीबद्दल मात्र घरातही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलंच. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता सांगत गेली. "तुह्ये बाबा बाहेर बसले होते. त्या पोरानं बाटली देल्ली, म्हणे भरून आणा. संडास थ्या टोकाले. मधात बाकड्यावर सात-आठ माणसं, त्यातले दोघं आपल्याच गावाकडचे. त्यायच्यासमोरून खाली बाटली घेऊन जाव, अन् भरली घेऊन येव? वरतून माह्यं नाव लिहेल." मग तिनं काय केलं? बाटली पिशवीत टाकली, त्या मुलाला सांगितलं की लागतच नाही, उद्या येतो. रक्त देऊन झालं होतं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात किडनीचा आकडा नॉर्मल होता, तो पाहून बाबा खूश झाले. ती बाटली कुणाच्या लक्षात राहिली नाही. तिनं ती गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि लवंगा भरल्या.

मला राग आला होता. आईचा आला, त्या लॅबचा आला, जिथं बायकांना चार पावलांचा आडोसा देता आला नाही. पण तांदळातला खडा बाजूला टाकणारे तिचे हात बघताना राग टिकेना. तिचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर पहारा ठेवण्यात गेलं आहे. घरी संडास झाला तो स्वच्छ भारतच्या दिवसांत. त्याआधी चाळीस वर्षं ती पहाटेच्या अंधारात गोदरीत जायची, आणि मग थेट रात्री. मध्ये शेत. निंदणाला, वेचणीला बायांच्या रांगेत उभं राहिलं की पुढं मालक, मागं मालकाचा मुलगा, आडोसा म्हणून तुरीची चार झाडं, तीही हिवाळ्यातच. म्हणून बाया पाणीच पीत नसत. मी लहानपणी तिच्याबरोबर शेतात जायची, तेव्हा पाण्याची कळशी भरलेली न्यायची आणि अर्धी परत यायची, हे मला आठवतं. लागली तरी दाबून धरायची. जळजळ झाली की धण्याचं पाणी. हे सगळ्या बायांना ठाऊक असायचं आणि कुणी कुणाला सांगायचं नाही.

आणि काळ्या मातीत काही दिसत नाही. पडलं की जिरलं.

मला मोठे बाबा आठवले. बाबांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. उंच, धिप्पाड माणूस, दर्यापूरच्या बाजारात चालायला लागले की लोक बाजूला व्हायचे. शुगर चौदा वर्षं होती. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून ठेवलेली, हरभऱ्याच्या दिवसांत रोज एक, कधी दोन. चौदा वर्षांत कुणी त्यांची लघवी तपासली असेल असं मला वाटत नाही. शेवटच्या वर्षी एक अजब गोष्ट झाली होती. त्यांची शुगर आपोआप उतरली. कधी नव्हे ती उपाशीपोटी ९० यायला लागली, एकदोनदा तर इतकी खाली गेली की दरदरून घाम सुटला आणि मोठ्या आईनं गूळ चारला. गोळ्या निम्म्या झाल्या. मोठे बाबा सांगत फिरायचे, मी मेथीचं पाणी पिऊन शुगर घालवली. घरात आनंद होता, मीही फोनवर त्यांना "वा!" म्हटलं होतं. आता कळतं की शरीरातलं इन्सुलिन मोडून संपवण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, काही गोळ्यांचा अंशही बाहेर पडत नाही, जेवणावरची इच्छाही उडालेली असते. म्हणून शुगर उतरते. आम्ही ज्या आकड्यावर खूश होतो, तो आकडा किडनी बसत चालल्याचा होता.

सकाळी डोळ्यांखाली सूज असायची. झोप झाली नसेल. पायांत चप्पल रुतायची. उन्हात बसले असतील. मोठी आई पुढं कितीतरी दिवसांनी मला म्हणाली, "मोरीत फेस दिसे बाई. मले वाटे, आंघोळीच्या साबनाचा असन." हे वाक्य ती त्यानंतर चार वेळा बोलली असेल. दर वेळी तशीच थांबते, साबणापाशी.

पुढचं सगळं डायलिसिस करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं, आमच्याच्यानं दोनदाच जमायचं. योजनेतून पैसे लागत नव्हते, पण पहाटेची पाचची गाडी, बरोबर एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, मशीनवरचे चार तास, परतीच्या गाडीत उलटी. हातातल्या नसेच्या जोडणीवर हात ठेवला की भुंग्यासारखं काहीतरी घुरघुरायचं, लहान पोरं ते ऐकायला कान लावायची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला आणि त्यांना दिवसाचं पाणी मोजून. आमच्या गावाचं हे फार मोठं दुखणं आहे, ते बाहेरच्याला कळणार नाही. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आजीच्या पिढीनं गोड्या पाण्यासाठी कोस-कोस पायपीट केली. मोठ्या बाबांच्या उतारवयात शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं, त्या दिवशी त्यांनी तोटीला हळदकुंकू लावलं होतं. तोच माणूस त्या गोड्या पाण्याच्या माठाशेजारी बाजेवर पडून बर्फाचा खडा चोखायचा, आणि माठाकडे बघायचा.

ते गेले तेव्हा सगळं गाव एकच बोललं. पाण्यानं नेलं. खाऱ्या पाण्यानं किडनी खाल्ली. आमच्याकडं कुणाचीही किडनी गेली की हेच बोलतात. अकोल्याकडचे, तिकडं संग्रामपूर, जळगाव जामोदकडचेही हेच बोलतात. पाण्याचा यात काहीच हात नाही असं मी म्हणणार नाही. त्या पाण्यावर आमच्या पिढ्यांनी दिवस काढले आहेत आणि त्याचा हिशेब सरकारनं द्यायलाच हवा. पण पाण्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न विचारला जात नाही, हे मला आता खटकतं. चौदा वर्षांची शुगर, वाढलेलं बीपी, दुखण्याच्या गोळ्या, यांतलं काही कुणी बोललं नाही. आणि म्हणूनच मोठ्या बाबांना जाऊन दोनच वर्षं झाली असताना आईनं ती बाटली निर्धास्तपणे पिशवीत टाकली. तिच्या लेखी त्यांच्या मरणाशी तिचा संबंधच नव्हता. ते पाण्यानं गेले होते. आणि ती तर आता नळाचं पीत होती.

मार्गशीर्षात मी तिला अमरावतीला घेऊन गेले. या वेळी बाई डॉक्टर शोधली, आणि जिथं नमुना द्यायची सोय आतल्या बाजूला आहे अशी लॅब शोधली. आईला म्हटलं, बाटली मी धरते. ती आत गेली, बाहेर आली, बाटली माझ्या हातात देताना तिनं नजर दुसरीकडं फिरवली. बाटली कोमट होती. लहानपणी माझं सगळं तिनं याच हातांनी काढलं असणार, आणि ती आज माझ्यापुढं लाजत होती. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी ती खिडकीत ठेवली आणि पावती घेतली. ४५० रुपये झाले.

रिपोर्ट घेऊन आम्ही मॅडमपुढं बसलो. आधी रक्ताचा कागद. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, ०.९. त्यावरून काढलेली किडनीची गाळण्याची गती ७४. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "पाह्य, नॉरमल आहे." मग लघवीचा कागद. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर १४२. तिथं मॅडमचं पेन थांबलं. हे ३० च्या आत असावं लागतं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३०० च्या वर म्हणजे मोठी गळती. आई म्हणाली, "मंग रक्तात कसं चांगलं आलं?" हाच प्रश्न माझाही होता. मॅडमनी घाई न करता सांगितलं. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटर गाळतात आणि त्यातलं बहुतेक परत रक्तात घेतात. शुगर आणि बीपीनं काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचं काम अंगावर घेतात. घरातले दोघं पुण्याला निघून गेले तरी उरलेले शेत ओढून नेतात आणि गावाला कळत नाही, तसं. क्रिएटिनिन वर सरकेपर्यंत कित्येकदा निम्मी ताकद गेलेली असते. लघवीतलं अल्ब्युमिन मात्र त्याच्या कितीतरी आधी दिसतं. इतकं थोडं, की फेस येत नाही, लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर रंग बदलत नाही. ते मोजावंच लागतं. आणि ते शुगर सापडली त्या दिवसापासून दरवर्षी मोजायचं, कारण आईची ही टाइप २ प्रकारची शुगर सापडते त्याआधीच बरीच वर्षं अंगात मुकाट राहिलेली असते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे चाय गाळाची गाळणी फाटली की पत्ती उतरते, तसं." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच." तिला कळलं होतं. मला खात्री आहे, चार वर्षांपूर्वी तिला कुणी हे एवढंच सांगितलं असतं, तर ती त्या बाकड्यासमोरूनही गेली असती. लाज होतीच, पण त्या लाजेच्या समोर ठेवायला तिच्याकडं काहीच नव्हतं.

मॅडमनी एका कागदावर निकाल दिला नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही हा आकडा वाढतो. त्यांनी विचारलं, जळजळ होते का? आई माझ्याकडं बघायला लागली. मी बाहेर जाऊ का म्हटलं, तर म्हणाली, बस. आणि मग तिनं सांगितलं, होते, वर्षातून दोनतीनदा, वेचणीच्या दिवसांत. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. संसर्ग नाही हे बघून दुसरा नमुना घेतला, मग होळीच्या सुमारास तिसरा. तीनपैकी दोन वाढलेले आले की धरायचं, अशी रीत आहे. आईचे तिन्ही वाढलेले आले. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, कारण त्याच्या आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेनं एकाच तऱ्हेनं खराब होतात. पडद्यावर दोन बारीक ठिपके होते. तिला काही अंधूक दिसत नव्हतं. ठिपके मात्र होते.

आता दोन गोळ्या वाढल्या आहेत. एक टेल्मिसार्टन, बीपीची. आई म्हणे, माह्यं बीपी तं एवढं काई नाई. मॅडमनी सांगितलं की ती गोळी गाळणीच्या आतला दाबही उतरवते, म्हणून हवी. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. तिचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी आली, म्हणून ती आमच्यासारख्या घरात परवडते. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि किडनीलाही जपते. पण त्यानं लघवी जास्त होते, आणि खाजेचा त्रास होऊ नये म्हणून स्वच्छता ठेवावी लागते, पाणी प्यावं लागतं. म्हणजे ज्या गोष्टीवर आईनं जन्मभर पहारा ठेवला, तिचंच दार गोळीनं उघडलं. शेतात जाणं तिनं कमी केलं नाही. पण धुऱ्यावरच्या बाभळीला बाबांनी तीन बाजूंनी जुनी ताडपत्री बांधली. कशासाठी ते बाबा बोलले नाहीत, आईही बोलली नाही. पंधरा दिवसांनी शेजारच्या वावरातल्या बायाही तिथं यायला लागल्या, हे तिनं फोनवर मला सांगितलं, आवाज जरा खाली आणून.

गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी तिनं स्वतः फेकली. लोणचं कमी केलं, पापड सुटत नाहीत. रविवारी मी अजूनही शुगर विचारते, जीभ वळलेलीच आहे तशी. मग थांबून लघवीतल्या गळतीचंही विचारते. तिचा शेवटचा आकडा ८१ होता. मी त्यावर फार खूश व्हायला घाबरते.

गेल्या महिन्यात मी गावी होते. आईची तपासणी होती, आणि आदल्या रात्री मोठी आई आली. तिलाही शुगर आहे, सात-आठ वर्षं. आईनं तिला बोलावलं होतं. सकाळचा पहिला नमुना चांगला, म्हणून लॅबमधून आईनं मागल्याच खेपेला दोन बाटल्या मागून आणल्या होत्या. कुणाला दुसरी हवी म्हणून, ते मला सांगितलं नव्हतं. दोघी चुलीपुढं बसल्या. आईनं फडताळातून लवंगांची जुनी बाटली काढून मोठ्या आईला दाखवली, वरचा पिवळा कागद दाखवला, आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मोठी आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "फेस आला तरच दाखवतात ना याच्यात?" आई म्हणाली, "नाई बाई. फेसाच्या पह्यलेच."

पहाटे साडेचारला उठून पाहिलं तर दिवा लागलेला होता. आईनं माझा पेन घेतला होता आणि नव्या बाटलीवरच्या कागदावर लिहीत होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर मोठं, एकेक काना सावकाश ओढते. मोठी आई मोरीच्या दाराशी उभी, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन, वाट बघत. चाळीस वर्षं एका कुटुंबात राहून आईनं जावेला बाई म्हटलं होतं, आम्ही मोठी आई म्हटलं होतं, गावानं अमक्याची आई म्हटलं होतं. आईनं तिचं नाव लिहून पुरं केलं, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, आणि बाटली तिच्या हातात दिली.